‘दादा, लिमिट किती?’ : परदेशात विकताय तर तिकडचं टॅक्स रजिस्ट्रेशन कधी घ्यायचं

माझा मावसभाऊ कोल्हापुरात चपलांच्या धंद्यात आहे. २०२१ मध्ये त्याने स्वतःची वेबसाइट काढली, लंडन आणि लेस्टरकडच्या लोकांना थेट कुरिअरने चपला पाठवायला लागला आणि मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "दादा, तिकडं लिमिट किती?" मी छोट्या एक्स्पोर्टरांची खाती बघतो, त्यामुळे मला सगळं येतं असा आमच्या घरात समज आहे. मी पण शहाणा, नेटवर बघितलं, यूकेत व्हॅटचं (म्हणजे तिकडच्या जीएसटीचं) लिमिट, ज्याच्या आत विक्री असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, ते ८५ हजार पौंड दिसलं, म्हटलं लई लांब आहे अजून, पाठव बिनधास्त. तीन आठवड्यांत गिऱ्हाइकांचे मेल सुरू झाले, की कुरिअरवाला दारात व्हॅट मागतोय आणि वर त्याची हँडलिंग फी पण मागतोय, दोघांनी तर पार्सल घेतलंच नाही, चपला परत आल्या आणि परतीचं भाडं आमच्याच बोडक्यावर.

चूक माझी होती. ते ८५ हजारांचं लिमिट खरं होतं (१ एप्रिल २०२४ पासून ते ९० हजार झालंय) पण ते यूकेत दुकान-ऑफिस असलेल्यांसाठी आहे. ज्याचं तिकडे काहीच नाही, म्हणजे आपल्यासारखा, त्याला डिसेंबर २०१२ पासून लिमिटच नाही, पहिल्या पौंडापासून रजिस्ट्रेशन. आपल्याकडे मालाला ४० लाख आणि सर्व्हिसला २० लाख हे जीएसटीचे आकडे डोक्यात इतके पक्के बसलेत की जगात कुठेही गेलं तरी आपण आधी लिमिट विचारतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लिमिट हा शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या, माल विकायच्या वेळी कुठे पडलेला असतो, गिऱ्हाईक घरगुती आहे का धंदेवाला, आणि पैसे तुम्ही स्वतः घेताय का मधे ॲमेझॉन-एट्सीसारखा कुठला मार्केटप्लेस आहे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्म्या वेळा लिमिट बघायची गरजच उरत नाही.

आणि हो, दोन गैरसमज आधीच काढून टाका. एक म्हणजे "आपण एलयूटी (जीएसटी न भरता एक्स्पोर्ट करायचं हमीपत्र) भरलंय, एक्स्पोर्टला जीएसटी शून्य आहे, मग परत कसला टॅक्स?" अहो, शून्य इकडचा झाला. माल किंवा सर्व्हिस जिथे वापरली जाते तिथलं सरकार आपला कर घेणार, आणि इकडे शून्य केलंय ते त्याच हिशोबाने. दुसरा म्हणजे "भारताचा त्यांच्याशी डबल टॅक्स करार आहे, आणि आमची तिकडे ब्रँच नाही." तो करार इन्कम टॅक्सचा. व्हॅट, जीएसटी आणि अमेरिकेतल्या राज्यांचा सेल्स टॅक्स यांना तो लागू होत नाही. एका पैशाचा इन्कम टॅक्स तिकडे लागत नसताना सेल्स टॅक्सचं रजिस्ट्रेशन मात्र लागू शकतं, आणि हेच लोकांना पटत नाही.

पटत नसेल तर उलट्या बाजूने बघा. परदेशी कंपनी आपल्याकडच्या घरगुती गिऱ्हाइकाला ऑनलाइन सर्व्हिस विकते, व्हिडिओ, गेम, ॲप, काहीही, तेव्हा तिला भारतात पहिल्या रुपयापासून जीएसटी रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं, १८ टक्के भरावे लागतात, दर महिन्याला जीएसटीआर-५ए भरावा लागतो. ओआयडीएआर म्हणतात ते हेच. आपण त्यांना ४० लाख-२० लाखाची सवलत देत नाही, मग ते आपल्याला कशाला देतील.

आता देशवार. ज्यांना जिथे विकायचं तेवढंच वाचा, सगळं वाचून डोकं धरू नका.

यूके : १३५ पौंडाची रेघ

यूकेला इकडून थेट पार्सल जात असेल तर पार्सलमधल्या मालाची एकूण किंमत १३५ पौंडापर्यंत आहे का वर आहे हे बघायचं. भाडं आणि इन्शुरन्स बिलावर वेगळं दाखवलं असेल तर ते यात धरायचं नाही. १३५ पर्यंत असेल, स्वतःच्या वेबसाइटवरून विकलं असेल आणि गिऱ्हाईक घरगुती असेल तर व्हॅट विक्रीच्या वेळीच तुम्ही घ्यायचा आणि तुम्हीच एचएमआरसीला (तिकडच्या कर खात्याला) भरायचा, म्हणजे रजिस्ट्रेशन आलंच. हा नियम १ जानेवारी २०२१ पासूनचा आहे आणि त्याच दिवशी १५ पौंडाखालच्या मालाची जुनी माफी पण गेली. १३५ च्या वर असेल तर नेहमीसारखा कस्टमला इम्पोर्ट व्हॅट लागतो, सहसा गिऱ्हाईक भरतं.

एकाच गिऱ्हाइकाने चार जोड मागवले की रेघ ओलांडली, हे विसरू नका. एक जोड ४८ पौंडाला विकला तर त्यातले ८ पौंड व्हॅट, ४० तुमचे. दर २० टक्के, पण व्हॅट धरून किंमत लावली असेल तर त्यातला सहावा हिस्सा काढायचा, २० टक्के नाही. भावाने पहिल्या तिमाहीत ४८ चे २० टक्के काढून जास्त भरले होते, नंतर दुरुस्त केलं. लहान मुलांच्या चपला आणि कपडे मात्र शून्य दराचे आहेत, तिथे उगाच २० टक्के घेऊ नका.

हाच जोड एट्सी किंवा ॲमेझॉनवरून विकला तर? मग १३५ पर्यंतचा व्हॅट मार्केटप्लेस घेतो आणि भरतो, तेवढ्या विक्रीसाठी तुम्हाला रजिस्ट्रेशनची गरज नाही. पण माल आधीच जहाजाने पाठवून तिकडच्या गोडाऊनमध्ये ठेवला असेल तर गोष्ट बदलते. विक्रीवरचा व्हॅट मार्केटप्लेस बघेल, पण माल यूकेत उतरवताना जो इम्पोर्ट व्हॅट भरलात तो परत मिळवायचा तर तुमचा स्वतःचा व्हॅट नंबर लागतो. २० टक्के रक्कम आहे, सोडून द्यायची गोष्ट नाही. आणि तोच गोडाऊनमधला माल स्वतःच्या साइटवरून विकलात तर पहिल्या पौंडापासून तुमची जबाबदारी, तिथे १३५ ची रेघ वगैरे काही नाही.

गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार असेल आणि त्याने त्याचा यूके व्हॅट नंबर दिला तर १३५ पर्यंतच्या मालाचा व्हॅट तोच त्याच्या रिटर्नमध्ये दाखवतो, तुम्ही घ्यायचा नाही, बिलावर तसं लिहायचं. नंबर खरा आहे का हे सरकारी साइटवर तपासता येतं, तपासा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, विक्री सुरू करायच्या आधीच अर्ज टाका कारण नंबर यायला आठवडे जातात. रिटर्न सहसा तिमाही असतो, तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवसांत भरायचा, तोही सॉफ्टवेअरमधून, साध्या कागदावरच्या हिशोबावर चालत नाही.

युरोपियन युनियन : इकडे तीन वेगवेगळी दारं

कोथरूडची एक मैत्रीण हार्मोनियमचा रेकॉर्डेड कोर्स विकते, स्वतःच्या साइटवर, व्हिडिओ बघा आणि शिका असा. जर्मनी-नेदरलँड्समधली मराठी पोरंपोरी घेतात. ती म्हणाली वर्षाला जेमतेम हजार-दीड हजार युरो होतात, त्याला कोण विचारतंय, आणि १० हजार युरोचं लिमिट आहे असं कुठेतरी वाचलंय. परत तेच! ते १० हजार ईयूमध्येच स्थापन झालेल्या धंद्यांना आहे. ईयूबाहेरच्याने ईयूतल्या घरगुती गिऱ्हाइकाला डिजिटल सर्व्हिस विकली की पहिल्या युरोपासून व्हॅट, आणि तो गिऱ्हाइकाच्या देशाच्या दराने, जर्मनीला १९, आयर्लंडला २३, हंगेरीला २७ टक्के.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की २७ देशांत २७ रजिस्ट्रेशन घ्यायची नाहीत. नॉन-युनियन ओएसएस (वन स्टॉप शॉप, एकाच ठिकाणी सगळं) म्हणून सोय आहे, कुठलाही एक देश निवडायचा, तिथे नोंदणी करायची, तिमाही एकच रिटर्न, त्यात देशवार आकडे, पैसे एकदाच भरायचे, पुढे ते आपापसात वाटून घेतात. बरेच भारतीय आयर्लंड निवडतात, कारण सरळ आहे, पोर्टल आणि पत्रव्यवहार इंग्रजीत. यासाठी ईयूमधला एजंट सक्तीचा नाही. नोंदणी साधारण पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून लागू होते, पण विक्री आधीच सुरू झाली असेल तर पहिल्या विक्रीच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवलं तर त्या पहिल्या विक्रीपासून धरतात, म्हणून ही १० तारीख कॅलेंडरवर टाका. रिटर्न तिमाही संपल्यावर पुढच्या महिनाअखेरपर्यंत. एक रुपयाची विक्री नसली तरी शून्याचा रिटर्न भरायचा. रेकॉर्ड १० वर्षं ठेवायचं. आणि गिऱ्हाईक कुठल्या देशातलं हे दाखवायला एकमेकांशी जुळणारे पुरावे लागतात, बिलिंग पत्ता, कार्ड कुठल्या देशाचं, आयपी ॲड्रेस असे, तर पेमेंट गेटवेमधून हा डेटा पहिल्या दिवसापासून साठवायला सांगा, नंतर मिळत नाही.

तोच कोर्स ॲप बनवून ॲपल किंवा गूगलच्या स्टोअरवरून विकला तर ईयूचा व्हॅट स्टोअर भरतं, तुम्ही मोकळे. गिऱ्हाईक कंपनी असेल आणि व्हॅट नंबर देत असेल तर रिव्हर्स चार्ज, म्हणजे ती कंपनी बघून घेते, नंबर व्हीआयईएस या ईयूच्या साइटवर तपासायचा. झूमवर लाइव्ह क्लास घेणाऱ्यांनी हे सगळं स्वतःला जसंच्या तसं लावून घेऊ नका, त्याचं गणित वेगळं आहे.

मालाचं दार वेगळं. इकडून थेट ईयूत जाणारं पार्सल १५० युरोपर्यंत असेल तर आयओएसएस (बाहेरून येणाऱ्या मालासाठीचं वन स्टॉप शॉप) आहे, १ जुलै २०२१ पासून, त्याच दिवशी २२ युरोखालची जुनी माफी संपली. यात विक्रीच्या वेळी व्हॅट घ्यायचा, महिन्याला रिटर्न. पण भारतातल्या विक्रेत्याला यासाठी ईयूत स्थापन झालेला इंटरमीडियरी (मध्यस्थ) नेमावा लागतो आणि तो फुकट काम करत नाही. आता नीट ऐका, आयओएसएस ऐच्छिक आहे. यूकेसारखी सक्ती नाही. आयओएसएस नसेल तर व्हॅट माल उतरताना गिऱ्हाइकाकडून कुरिअर किंवा पोस्ट वसूल करतं, कायदेशीर आहे, फक्त गिऱ्हाईक वैतागतं. महिन्याला पाच-दहा पार्सलं जात असतील तर माझं स्वच्छ मत, आयओएसएसच्या नादी लागू नका, ऑर्डरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा की उतरताना टॅक्स लागेल. आयओएसएस घेतलंच तर तो नंबर कुरिअरच्या सिस्टिममध्येच द्या, पार्सलवर छापू नका, नंबर चोरून दुसरेच लोक वापरतात.

आणि तिसरं दार, जे सगळ्यात महाग पडतं, ते म्हणजे तिकडचा साठा. जर्मनीतल्या गोडाऊनमध्ये माल ठेवला की जर्मनीत स्थानिक व्हॅट रजिस्ट्रेशन, आणि मार्केटप्लेसने तुमच्या परवानगीने तोच माल पोलंड, चेक रिपब्लिकला हलवला की तिथेही. सेलर अकाउंटमध्ये "इतर देशांत साठा ठेवायला हरकत नाही" असा एक टिकमार्क असतो, तो न वाचता दाबू नका. भाडं कमी होतं म्हणून लोक दाबतात आणि नंतर तीन देशांचे अकाउंटंट शोधत बसतात. काही देशांत तर बिगर-ईयू विक्रेत्याला स्थानिक फिस्कल रिप्रेझेंटेटिव्ह पण लागतो, जो तुमच्या कराला स्वतः जबाबदार असतो म्हणून बँक गॅरंटी मागतो.

अमेरिका : एक देश नाही, पंचेचाळीस दुकानं

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. अमेरिकेत केंद्राचा सेल्स टॅक्स नाही. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आपापला लावतात, आणि ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर, अलास्का ही पाच राज्यं राज्यपातळीवर लावत नाहीत (अलास्कात काही गावं स्वतः लावतात, ते वेगळंच). वर काउंटी (म्हणजे जिल्हे) आणि शहरांचे दर, त्यामुळे पिनकोड बदलला की दर बदलतो.

पूर्वी नियम सोपा होता, राज्यात तुमचं काहीतरी प्रत्यक्ष असेल तरच टॅक्स गोळा करायचा, अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या क्विल निकालाने तसं ठरलेलं. मग २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन ते उलटवलं. साउथ डकोटाचा कायदा म्हणत होता की वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार झाले की तुमचा राज्याशी संबंध जुळला, ऑफिस असो नसो. त्यानंतर सगळ्या राज्यांनी असेच कायदे केले, शेवटचं मिसुरी, १ जानेवारी २०२३ पासून. याला इकॉनॉमिक नेक्सस म्हणतात आणि तो परदेशी विक्रेत्यालाही लागतो, भारतात बसलात म्हणून सुटका नाही.

म्हणजे अमेरिकेत मात्र लिमिट आहे, आणि दर राज्याचं वेगळं. बहुतेकांचं १ लाख डॉलर, कॅलिफोर्निया आणि टेक्सासचं ५ लाख, न्यूयॉर्कचं ५ लाख आणि शिवाय १०० पेक्षा जास्त विक्री, दोन्ही एकदम व्हायला लागतं. मोजायचा काळ पण वेगळा, कुठे चालू किंवा मागचं कॅलेंडर वर्ष, टेक्सासला मागचे १२ महिने, न्यूयॉर्कला त्यांच्या मागच्या चार सेल्स टॅक्स तिमाह्या. तो २०० व्यवहारांचा नियम छोट्या विक्रेत्याला जास्त लागतो. १५ डॉलरच्या ऑक्सिडाइज्ड नथी विकल्या तर २०० ऑर्डर म्हणजे फक्त ३ हजार डॉलर, आणि रजिस्ट्रेशन गळ्यात. बरीच राज्यं हा नियम आता काढतायत, खुद्द साउथ डकोटाने जुलै २०२३ मध्ये काढला, इलिनॉयने जानेवारी २०२६ पासून, पण जॉर्जिया, व्हर्जिनियासारख्या राज्यांनी ठेवलेला आहे, तर आपापल्या राज्यांच्या साइटवर तेवढं बघून घ्या.

ओलांडल्यावर किती दिवसांत रजिस्टर व्हायचं तेही सारखं नाही. कुठे पुढच्याच व्यवहारापासून, टेक्सासला ५ लाख ओलांडले त्या महिन्यानंतरच्या चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. म्हणून ७०-८० टक्क्यांवर आलात की तयारी सुरू करा.

प्रत्यक्ष अस्तित्वाचा जुना नियम मात्र अजून जिवंत आहे, लोक विसरतात. गोडाऊनमध्ये साठा, एखादा पगारी माणूस घरून काम करणारा, आणि स्टॉल! तिकडच्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला पैठण्या, दागिने, मसाले घेऊन जाणारे आपल्याकडे बरेच आहेत, २०२४ चं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला झालं. तिथे चार दिवसांचा स्टॉल लावला की लिमिट बिमिट काही नाही, पहिल्या साडीपासून सेल्स टॅक्स. कॅलिफोर्नियात यासाठी टेम्पररी सेलर्स परमिट मिळतं, ९० दिवसांपर्यंतच्या विक्रीसाठी, ऑनलाइन अर्ज, फी नाही. राज्याचा मूळ दर ७.२५ टक्के आणि वर स्थानिक. आयोजक बहुतेक वेळा परमिटचा नंबर मागतात, पण मागितला नाही म्हणजे लागत नाही असं नाही. "आपलीच माणसं आहेत, फोनवरून पैसे पाठवतील" हे कारण चालत नाही. व्हिसावर जाऊन स्टॉलवर विकता येतं का हा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर, तो आधी वकिलाला विचारा.

मग काय विकताय ते बघायचं, कारण सगळ्यावर टॅक्स नाही. न्यू जर्सीत कपडे आणि पायताणं करमुक्त, म्हणजे साडी सुटली, पण पर्स आणि दागिने सुटले नाहीत. पेनसिल्व्हेनियात रोजचे कपडे करमुक्त. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरखालच्या कपड्या-चपलांना राज्याचा ४ टक्के लागत नाही, स्थानिक कर काउंटीप्रमाणे. तरी लिमिट मोजताना बऱ्याच राज्यांत करमुक्त विक्रीही धरतात, म्हणजे टॅक्स शून्य पण रजिस्ट्रेशन लागतं असा विनोद होतो.

सॉफ्टवेअरवाल्यांचं वेगळं. बाणेर-हिंजवडीतल्या छोट्या सास (इंटरनेटवरून वर्गणीने सॉफ्टवेअर देणाऱ्या) कंपन्यांना वाटतं की आपलं गिऱ्हाईक कंपनी आहे, युरोपसारखं रिव्हर्स चार्ज होईल. अमेरिकेत रिव्हर्स चार्ज नाही. कंपनी स्वतःच्या वापरासाठी घेत असेल तर तिच्याकडूनही सेल्स टॅक्स घ्यायचा. टेक्सासमध्ये सासवर लागतो, पण डेटा प्रोसेसिंग धरून २० टक्के रक्कम सोडून उरलेल्या ८० टक्क्यांवर, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात लागतो, कॅलिफोर्नियात सासवर लागत नाही. गिऱ्हाईक पुढे विकायला घेत असेल, म्हणजे होलसेल, तर त्याच्याकडून रीसेल सर्टिफिकेट (पुढे विकायला घेतोय याचा दाखला) घेऊन फाइलला लावा, मग टॅक्स नाही. सर्टिफिकेट नसेल तर ऑडिटमध्ये तो टॅक्स तुमच्याकडून घेतात.

ॲमेझॉन, एट्सीवरची विक्री असेल तर सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांत मार्केटप्लेसच टॅक्स गोळा करून भरतो. पण ती विक्री तुमच्या लिमिटमध्ये मोजायची का याचं उत्तर राज्यागणिक वेगळं, टेक्सास मोजतं, फ्लोरिडा मोजत नाही. साइट आणि मार्केटप्लेस दोन्हीकडे विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

रजिस्ट्रेशन करताना बहुतेक ठिकाणी ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) लागतो, तो आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) एसएस-४ फॉर्मने फॅक्सवर किंवा परदेशी अर्जदारांच्या फोन लाइनवर मिळतो, फुकट, त्यासाठी कुणाला शेकडो डॉलर देऊ नका. ऑनलाइन फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबर मागून अडतात, तेव्हा कागदी अर्ज किंवा राज्याच्या ऑफिसला फोन. काही राज्यं मिळून स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स म्हणून एकच अर्ज चालवतात, २४ राज्यं आहेत त्यात, ती सोय बघा, पण त्या अर्जात सगळ्या राज्यांवर टिक करत सुटू नका.

हे मी का सांगतोय, तर माझ्याकडे आलेल्या एका गारमेंटवाल्याला कुणा सल्लागाराने "सेफ साइड" म्हणून डझनभर राज्यांत रजिस्टर करून दिलं होतं. विक्री होती तीन राज्यांत. बाकीच्या राज्यांचे शून्य रिटर्न कुणी भरलेच नाहीत आणि दंडाच्या नोटिसा इकडे इस्लामपूरच्या पत्त्यावर यायला लागल्या. रजिस्ट्रेशन झालं की रिटर्न आलाच, विक्री असो नसो. लवकर घेणं ही पण चूकच आहे. आणि उलट चूक म्हणजे रजिस्टर न होताच बिलावर सेल्स टॅक्स लावून घेणं, तो पैसा सरकारचा असतो, तो खिशात ठेवणं हा सरळ गुन्हा.

आधीच उशीर झाला असेल तर घाईने पोर्टलवर जाऊन रजिस्टर करू नका. जिथे रिटर्नच भरला नाही तिथे साधारण मुदतबाह्यतेचं घड्याळ सुरूच होत नाही, ते कितीही मागे जाऊ शकतात. त्याऐवजी व्हॉलंटरी डिस्क्लोजर ॲग्रीमेंट (आपणहून चूक सांगून केलेला करार) करायचं, त्यात सहसा मागची तीन-चार वर्षंच बघतात आणि दंड माफ होतो, पण आधीच रजिस्टर झालात किंवा त्यांची नोटीस आधी आली तर बऱ्याच राज्यांत ही सोय मिळत नाही. हे काम मात्र तिकडच्या जाणकाराकडून करून घ्या, इथे पैसे वाचवू नका.

बाकीचे पटापट

ऑस्ट्रेलियाला खरंखुरं लिमिट आहे, १२ महिन्यांत तिकडची विक्री ७५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, डिजिटलला जुलै २०१७ पासून आणि १,००० डॉलरपर्यंतच्या पार्सलना जुलै २०१८ पासून, दर १० टक्के, आणि परदेशी विक्रेत्यांना सोपं रजिस्ट्रेशन आहे, मला सगळ्यात सुटसुटीत तेच वाटलं. न्यूझीलंड ६० हजार डॉलर, १५ टक्के. कॅनडा ३० हजार कॅनेडियन डॉलर, १ जुलै २०२१ पासून, आणि क्यूबेकचा स्वतःचा वेगळा. सिंगापूरला दोन अटी एकदम लागतात, जगभरची उलाढाल १० लाख सिंगापूर डॉलरच्या वर आणि सिंगापुरातल्या घरगुती गिऱ्हाइकांना विक्री १ लाखाच्या वर, त्यामुळे आपले बरेच लोक सुटतात. स्वित्झर्लंड बरोबर उलटा, तिथे १ लाख फ्रँकचं लिमिट जगभरच्या उलाढालीवर मोजतात! म्हणजे पुण्यात कोटभराचा धंदा असेल आणि झुरिकला एक काम केलं, तरी लिमिट आधीच ओलांडलेलं असू शकतं. दुबईवाल्यांना ३ लाख ७५ हजार दिरहमचं लिमिट माहीत असतं, पण ते तिथल्या रहिवाशांचं, बाहेरच्याला लिमिट नाही, फक्त तिकडचा गिऱ्हाईक स्वतः व्हॅट नोंदवत असेल तर तुम्हाला लागत नाही.

एक गोष्ट सगळीकडे सारखी. कोटेशनमध्ये डीडीपी लिहिलं की माल पोचवण्याची, ड्युटीची आणि टॅक्सची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतली, म्हणजे तिकडे इम्पोर्टर तुम्ही, आणि मग रजिस्ट्रेशन मागे लागतं. होलसेल ऑर्डरला बायर गोड बोलून डीडीपी मागतो, तेव्हा डीएपीवर (पोचवणं तुमचं, ड्युटी-टॅक्स बायरचा) अडून बसा किंवा त्याचा खर्च किमतीत धरा. आणि ड्युटी वेगळी, सेल्स टॅक्स वेगळा. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरखालची ड्युटीमाफी बंद केली तेव्हा मला डझनभर फोन आले की आता सेल्स टॅक्सचं रजिस्ट्रेशन घ्यायचं का. नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.

कागद साधारण हेच लागतात, कंपनीचं रजिस्ट्रेशन किंवा प्रोप्रायटर असाल तर पासपोर्ट, पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, आयईसी (इम्पोर्ट-एक्स्पोर्ट कोड), बँकेचं पत्र, वेबसाइटची लिंक, आणि तिकडे विकताय याचा पुरावा म्हणजे दोन-चार इन्व्हॉइस किंवा ऑर्डर. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. पॅनवर एक, पासपोर्टवर दुसरं आणि जीएसटीवर वडिलांचं नाव गायब, यात भावाच्या अर्जाचे पाच आठवडे गेले.

आणि एक एक्सेल शीट आजच बनवा. देश किंवा राज्य, तारीख, रक्कम तिकडच्या चलनात, घरगुती का कंपनी, साइट का मार्केटप्लेस, माल कुठून निघाला, टॅक्स किती घेतला. एवढेच सात कॉलम. महिन्याच्या पहिल्या रविवारी भरायचे, मागच्या १२ महिन्यांची बेरीज बघायची. भाऊ आता न चुकता भरतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, म्हणाला दादा, नॉर्वेहून तीन ऑर्डर आल्यात, चपला इथूनच जाणार, घरगुती गिऱ्हाईक, आपली साइट. मग जरा थांबून, "आता सांग लिमिट." तिथे एका वर्षात ५० हजार क्रोनरचं आहे. म्हटलं, पाठव.